परवचा, शिकवणी आणि अडलेले गणित

इ. स. १६२३ च्या नोव्हेंबर महिन्यात पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी पोर्तुगीज वकिलाच्या लवाजम्याबरोबर इक्केरीच्या नायकाच्या भेटीस निघाला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीवर विसावा घेत असता त्याला चार मुले दिसली. त्यांनी फरसबंदीवर बारीक वाळू पसरली होती. एकजण सुरात धडा म्हणे, म्हणता म्हणता बोटाने तो वाळूत लिही, आणि बाकीचे तिघे त्याच सुरात तसेच म्हणत आणि तसेच लिहीत. जागा भरली की पुन्हा वाळू पसरायची आणि पुढे चालू. धडा हिशेबाचा होता. शिक्षक जवळपास नव्हता. आमच्या प्रवाशाला नवल वाटले व त्याने विचारले, की तुमच्यातला एखादा काही विसरला किंवा चुकला, तर सांगणार कोण? मुलांनी उत्तर दिले ते असे, की आम्ही चौघेही एकाच ठिकाणी एकाच वेळी चुकू हे संभवत नाही. एक चुकला तर दुसरा सावरतो, आणि म्हणूनच आम्ही एकत्र बसतो. हे उत्तर त्या गृहस्थास इतके पटले, की नायकाच्या दरबारची हकीकत लिहिता लिहिता त्याने या चार पोरांनाही आपल्या पत्रात जागा दिली.

शाळा कोणी काढल्या, कोणत्या साली काढल्या, त्यांना सरकारी मदत किती मिळाली, याचा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. गॅझेटियरे आहेत, अहवाल आहेत, संस्थांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ तर उदंड आहेत. परंतु शाळा सुटल्यावर मूल घरी येते, कंदिलापाशी बसते, एका उदाहरणाशी अडते आणि मान वर करून कोणाकडे तरी पाहते. हा 'कोणीतरी' कोण होता? बाप होता, आजा होता, शेजारचा मोठा मुलगा होता, की कोणीच नव्हता? मुलांच्या पुढच्या आयुष्याचे निम्मे निकाल या प्रश्नावर लागले आहेत, असे माझे मत आहे. आणि अहवालांत त्याच्याविषयी फारसे काही सापडत नाही. सापडते ते आत्मचरित्रांतून, आठवणींतून, आणि वाटसरूंच्या अशा पत्रांतून.

वाळूत लिहिणाऱ्या मुलांची गोष्ट इथेच संपत नाही. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, मद्रासेजवळ एग्मोर येथे लष्करी अनाथ मुलांची एक शाळा होती. १७८९ पासून तिचा कारभार डॉ. अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉच पाद्र्याकडे आला. घोड्यावरून फिरताना एके दिवशी त्याने एका देशी शाळेतली मुले जमिनीवर बसून वाळूत बोटांनी अक्षरे काढताना पाहिली. त्याने आपल्या शिक्षकांस तीच तऱ्हा उचलायला सांगितले. शिक्षकांनी ते काम मनावर घेतले नाही. तेव्हा बेलने फ्रिस्केन नावाच्या एका लहान मुलालाच खालच्या वर्गावर नेमले, आणि मोठ्या शिक्षकांना जे साधत नव्हते ते त्या पोराला साधले. मग मुलांनीच मुलांना शिकवायचे, हीच त्या शाळेची रीत ठरली. १७९७ साली लंडनमध्ये बेलने या प्रयोगाचे पुस्तक छापले. जोसेफ लँकेस्टर याने तशाच धर्तीवर लंडनच्या गरीब मुलांसाठी शाळा चालवली. आणि 'मद्रास पद्धती' या नावाने ही रीत इंग्लंडात गाजली. गंमत अशी, की १८२० नंतर मुंबई इलाख्यात नव्या शाळा काढण्याची वेळ आली तेव्हा हीच पद्धती बेल आणि लँकेस्टर या नावांनिशी विलायती सुधारणा म्हणून आपल्याकडे परत आली. आपल्या पंतोजीच्या शाळेत वरची मुले खालच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेतच होती. पण त्या गोष्टीला अद्याप नाव मिळाले नव्हते.

पंतोजीच्या शाळेविषयी आपण सहसा छडीपलीकडे बोलत नाही. छडी होतीच, तिचे कौतुक कोणी करू नये. परंतु त्या शाळेचे घराशी जे नाते होते ते पुढच्या कोणत्याही शाळेला जमले नाही. ओनामा झाला, धूळपाटीवर मुळाक्षरे झाली, बाराखडी झाली, मग उजळणी आणि पाढे; पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी; शेवटी मोडी वाचणे-लिहिणे आणि हिशेब. अभ्यासक्रम एवढाच. आता संध्याकाळ झाली, दिवेलागण झाली, देवापुढे हात जोडून झाले, की ओसरीवर परवचा सुरू होई. पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे, सारे एका चालीत. आजोबा सुपारी कातरीत बसलेले असत. त्यांचे लक्ष आहेसे वाटत नसे, पण 'एकोणीस सत्ते' ला पोर अडखळले की अडकित्ता थांबे. आजीला लिहिता-वाचता येत नसले तरी कान तयार असे. चाल मोडली की चूक झाली हे तिलाही समजे. शाळेत जे शिकवले जाई ते घराला येत होते. किंबहुना घराला जे येत होते तेच शाळेत शिकवले जाई. त्यामुळे मुलाला अडण्याची सोय होती, आणि अडल्यावर सुटण्याचीही.

हे चित्र गोड वाटते म्हणून एक गोष्ट लगेच सांगितली पाहिजे. ज्या घरांत परवचा होता ती घरे मोजकी होती. ब्राह्मणांची, परभूंची, सोनारांची, वाण्याउदम्यांची, क्वचित एखाद्या पाटला-देशमुखाची. मुली सहसा तिथे नसत. गावकुसाबाहेरच्या मुलाला तर धूळपाटीची धूळही निषिद्ध होती.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत नवी शाळा आली. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळांची पुस्तके यांसाठी स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष, आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे तिचे एतद्देशीय चिटणीस. कॅप्टन जर्विस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची इंग्रजी पुस्तके मराठीत उतरवली. छत्र्यांचे 'बाळमित्र' १८२८ मध्ये निघाले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. पुस्तके आली तशी एक नवीनच वस्तू त्यांच्याबरोबर आली: प्रश्न. परवच्यात प्रश्न नसतो; तिथे फक्त पुढची ओळ असते. आता पुस्तक विचारू लागले, या शब्दाची जात कोणती? या वाक्यातला कर्ता कोणता? चंद्राला ग्रहण का लागते? अमुक नदी नकाशात दाखव. आणि ओसरीवरचे आजोबा प्रथमच निरुत्तर झाले.

निरुत्तर झाले एवढेच नव्हे, पुष्कळदा त्यांचे उत्तर पुस्तकाच्या विरुद्ध होते. भूगोलाचे पुस्तक म्हणे, पृथ्वी वाटोळी असून सूर्याभोवती फिरते. घरचे पुराण सांगे, ती शेषाच्या मस्तकावर आहे. मुलाने शाळेत एक उत्तर द्यावे आणि घरी दुसरे मानावे, ही आपल्या सुशिक्षितांची पिढीजात सवय तिथूनच लागली असावी. या अडचणीतून वाट काढण्याचा एक फार प्रामाणिक प्रयत्न त्या काळी झाला, तोही महाराष्ट्राबाहेर, भोपाळजवळच्या सिहोरला. तिथले इंग्रज एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांच्या पाठशाळेतले सुबाजी बापू या महाराष्ट्रीय पंडितांनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहिला. पुराणांचे मत, भास्कराचार्यादी ज्योतिष्यांचे मत आणि कोपर्निकसाचे मत अशी तिन्ही मते त्यांनी समोरासमोर ठेवली. सुबाजींनी मुलाच्या आजोबांना मूर्ख ठरवले नाही. त्यांनी दाखवले असे, की आपल्याच घरात एक दुसरे आजोबा होते, त्यांचे नाव भास्कराचार्य, आणि तेही पृथ्वीला गोलच म्हणत होते. घर आणि शाळा यांमध्ये पूल बांधण्याची ही तऱ्हा पुढे फार थोड्यांनी उचलली.

घराने मदत थांबवली तेव्हा मदतीला आले ते विद्यार्थीच. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तिची मराठी शाखा ती उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे पहिले अध्यक्ष. सभेत निबंध वाचावेत, चर्चा करावी, इथवर ठीक होते. निबंध वाचून घरी जाणाऱ्या सभा नंतरही पुष्कळ झाल्या. पण या मुलांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या, आणि त्या स्वतः चालवल्या. सकाळी आपला अभ्यास बाजूला ठेवून, एक पैसा न घेता, पोरींना ओनामा शिकवणारे हे शिक्षक स्वतः विशी-पंचविशीतले होते. दादाभाई नवरोजी त्यांच्यात होते; मुलींना पाठवा म्हणून घरोघर जाऊन वडीलमंडळींची मनधरणी करण्याचे काम त्यांनी केले, आणि ती मंडळी नेहमीच गोड बोलत असे नाही. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. पार्लमेंटात बसलेले दादाभाई आपल्याला ठाऊक असतात. पाटी पुसून देणारे दादाभाई मला अधिक मोलाचे वाटतात.

पुण्यात त्याच सुमारास जोतीराव फुल्यांनी अगोदर घरी सावित्रीबाईंना शिकवले, आणि मग दोघांनी मिळून इतरांना. १८५५ मध्ये त्यांनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा घातली. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी पाटी घेऊन बसतो तेव्हा त्याला घरी काय अभ्यास देणार? तिथे जे काही व्हायचे ते गुरूच्या समोरच व्हायला हवे होते. त्याच १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मांग जातीच्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. शाळेतल्या मुलीने लिहिलेला निबंध म्हणून त्याच्याकडे पाहावे. आजही आपली मुले 'माझा आवडता ऋतू' या विषयावर चाळीस ओळी कोठून तरी उतरून आणतात. या मुलीला उतरून काढायला जगात दुसरा निबंधच नव्हता. तिने जे पाहिले होते ते लिहिले, आणि देवाला व धर्माला थेट प्रश्न विचारले. तिच्या मास्तरांनी ते प्रश्न खोडले नाहीत, यातच त्यांची थोरवी आहे.

घरातल्या घरात शिकणाऱ्या बायकांचे हाल मात्र वेगळ्या तऱ्हेचे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या; त्या वाचताना ध्यानात येते, की न्यायमूर्तींसारखा गुरू लाभूनही त्या माउलीला शिकण्याची किंमत रोज मोजावी लागली. रात्री धडा घ्यायचा आणि दिवसा माजघरातल्या बायकांचे टोमणे ऐकायचे. मराठी कसेबसे चालले. इंग्रजी सुरू झाले तेव्हा घरच्या बायकांचा राग अनावर झाला. नवऱ्यापाशी तक्रार करायची नाही, हा त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम. अडलेला शब्द विचारायला माणूस आहे, पण विचारायची वेळ फक्त रात्रीची. अशा स्थितीत ही बाई शिकली.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक आली आणि अभ्यासाचे सारे वळणच बदलले. खेड्यापाड्यांतली मुले पुण्या-मुंबईत येऊन पडली. वार लावून जेवायचे, माधुकरी मागायची, देवळात किंवा कोणाच्या तरी पडवीत झोपायचे. आणि पैशासाठी करायची ती शिकवणी. हा शब्द आता व्यापारी झाला आहे, पण त्याचे मूळ दारिद्र्यात आहे. गरीब हुशार मुलाने श्रीमंताच्या मठ्ठ मुलाला गणित घालावे आणि त्यातून आपली फी भरावी, असा हा व्यवहार होता. धोंडो केशव कर्वे मुंबईत कॉलेजात शिकत असताना अशाच शिकवण्यांवर राहिले; १८८४ मध्ये ते गणित घेऊन बी. ए. झाले. पुढच्या पिढीत भाऊराव पाटील साताऱ्यात शिकवण्या करीत आणि 'पाटील मास्तर' म्हणून ओळखले जात. ज्या माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले, त्याला मुलाचे नेमके कुठे अडते हे शिकवण्यांतूनच कळले असले पाहिजे. घरी शिकलेले कोणी नाही, तर मुलाला शिकलेल्या मुलांच्या घरात आणून ठेवावे. वसतिगृह म्हणजे तरी दुसरे काय? परवच्याची ओसरीच ती, फक्त आजोबांच्या जागी वरच्या इयत्तेतला मुलगा.

मॅट्रिकबरोबर सहायक पुस्तकेही आली. त्यांना आज आपण सरसकट नावे ठेवतो, ते अन्यायाचे आहे. भांडारकरांनी १८६४ च्या सुमारास संस्कृतचे पहिले पुस्तक लिहिले; तोपर्यंत शास्त्र्यांच्या पायाशी बारा वर्षे घालवल्यावाचून जी भाषा येत नसे ती हायस्कुलातल्या मुलाच्या हातात आली. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत रचनेचा विद्यार्थ्यांसाठीचा ग्रंथ १८८१ चा, आणि त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. लहानपणीच आईबाप गेलेला, कमालीच्या गरिबीत शिकलेला हा माणूस फर्गसन कॉलेजचा पहिला प्राचार्य झाला आणि चौतिसाव्या वर्षी वारला. ज्याला कोणी सांगणारे नाही त्याला पुस्तकाने सांगावे, ही कळकळ त्याच्या प्रत्येक पानावर दिसते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही अंकगणिताचे पुस्तक केले आणि ते वर्षानुवर्षे शाळांतून चालले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने तर कितीतरी घरांत इंग्रजीच्या मास्तराची जागा भरून काढली.

इथे जरा आडवळण घेतो. इंग्लंडात केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेसाठी खासगी शिकवणी घेणारे मास्तर असत. त्यांच्यापैकी जी. एस. कार नावाच्या एकाने आपल्या शिकवणीच्या टाचणांवरून शुद्ध आणि उपयोजित गणितातील सूत्रांचा एक जाडजूड संग्रह १८८० ते १८८६ या काळात छापला. हजारो सूत्रे, एकाखाली एक. सिद्धता कुठे दोन ओळींत, कुठे मुळीच नाही. परीक्षार्थ्यांच्या उजळणीसाठी केलेला हा ग्रंथ, म्हणजे त्या काळचे गाईडच म्हणा. १९०३ मध्ये तो कुंभकोणमच्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती लागला. त्या मुलाने एकेक सूत्र घेऊन त्याची सिद्धता स्वतः शोधायला सुरुवात केली. तो श्रीनिवास रामानुजन. कारने उत्तरे दिली होती आणि वाट झाकून ठेवली होती. रामानुजनने ती शोधली. एरवीची मुले उत्तर हाती लागल्यावर वाट शोधायच्या भानगडीत पडत नाहीत. तेव्हा दोष पुस्तकाचा म्हणावा, की ते उघडणाऱ्याचा? मी पुस्तकाच्या बाजूने फार ताणून बोलणार नाही, कारण रामानुजन शतकातून एखादा होतो आणि गाईडे दर जूनला निघतात.

आता परळच्या एका खोलीकडे वळू. या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. डबक चाळीतली एक खोली. तीत चूल, जाते, सरपण, एक शेळी, आणि सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंब. धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जातो. अभ्यासाला जागा नाही, शांतता तर नाहीच. सुभेदारांनी यावर जी युक्ती काढली ती धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवली आहे. मुलाने लवकर झोपायचे. बापाने रात्री दोनपर्यंत जागायचे. दोन वाजता मुलाला उठवून दिव्यापाशी बसवायचे आणि मग आपण त्या जागी पाठ टेकायची. एका माणसाच्या जागेत दोघांची रात्र बसवली. रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांना इंग्रजी येत होते. हॉवर्डची क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. मुलाला नवे पुस्तक हवे झाले, की ते लेकींकडे जात, उसने पैसे मागत. त्या नसले तर अंगावरचा दागिना देत, तो गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. त्या मुलींना शिकायला मिळाले नव्हते. भावाच्या पुस्तकांत त्यांचे दागिने आहेत.

पण बाप कितीही झटला तरी एका ठिकाणी त्याचा इलाज चालला नाही. भीमरावाला संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार झाले नाहीत, आणि त्याला फारशी घ्यावी लागली. भांडारकरांचे पुस्तक बाजारात होते, आपट्यांचा कोश होता, सारी साधने होती. नव्हता तो फक्त शिकवायला राजी असलेला मनुष्य. बाबासाहेब पुढे संस्कृत शिकले ते स्वतःच्या हिमतीवर. वेदांचा आणि स्मृतींचा त्यांनी जो धांडोळा घेतला त्याचा हिशेब करताना हा नाकारलेला तास विसरता येत नाही.

एक दार असे बंद झाले, आणि एक अगदीच अनपेक्षित जागी उघडले. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तिथेच विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेही येत. गौतम बुद्धाचे आणि पुढे शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिणारे हेच केळुसकर. रोज एकच मुलगा एकाच जागी पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांनी पाहिला, चौकशी केली, जात कळली, आणि तरीही किंवा म्हणूनच ते त्याला पुस्तके आणून देऊ लागले, काय वाचावे हे सांगू लागले. हा मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या वर्गाचा नव्हता, त्यातून त्यांना एक छदामही मिळायचा नव्हता. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. तीत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकणारेही तेच. दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९५६ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, बाबासाहेबांनी आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली तेव्हा दादा केळुसकरांच्या त्या पुस्तकाची आठवण तीत काढली. इतिहासकार या प्रसंगाला धर्मांतराचे बीज म्हणून मोजतात, ते योग्यच आहे. मला त्यात बागेतला बाक दिसतो.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरास वसतिगृह काढले. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केले ते नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकता यावे अशा बेताने. रात्री दोनला उठून अभ्यास केलेल्या माणसाला वेळापत्रकाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

त्याच काळात अमळनेरला प्रताप हायस्कुलात साने गुरुजी होते, १९२४ ते १९३०. छात्रालय त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुणारे गुरुजी सर्वांना माहीत आहेत. पण ते मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित रोज काढीत, हे तितकेसे सांगितले जात नाही. रोज! जगातल्या घडामोडी, थोरांच्या गोष्टी, पुस्तकांविषयी काही, आणि सारे स्वतःच्या हाताने लिहिलेले. पाठ्यपुस्तकात जे अडते ते बहुधा पाठ्यपुस्तकाबाहेरच्या अज्ञानामुळे अडते, हे त्यांनी ओळखले होते. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केले. १९३० मध्ये ते सत्याग्रहात गेले आणि छात्रालय सुटले.

स्वातंत्र्यानंतरची हकीकत थोडक्यात उरकता येते, कारण ती सर्वांच्या घरात घडली आहे. मॅट्रिकची एस. एस. सी. झाली, शाळा गावोगाव पोचल्या, आणि पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्यांची संख्या परवच्याच्या घरांहून कितीतरी पटींनी वाढली. ज्या घरात काल कोणी शाळा पाहिली नाही तिथे आज भूमितीचा सिद्धान्त येऊन पडला. ही पोकळी भरायला कोणीतरी येणारच होते. गाईड आले आणि क्लास आला. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकच पुस्तक झाले. पुस्तक एक झाले म्हणजे त्याचे गाईडही एकदा लिहिले की राज्यभर खपते. 'अपेक्षित' प्रश्नसंच आले. त्यांत मुलाला पडलेला प्रश्न कुठेच नसतो. परीक्षकाला पडेल तो असतो. १९७१ मध्ये 'किशोर' मासिक निघाले; ते मुलांनी आवडीने वाचले, परंतु मार्कांच्या बाजारात त्याला भाव नव्हता. क्लासने श्रीमंत-गरीब हे जुने नातेही उलटे केले: पूर्वी गरीब मुलगा शिकवी आणि श्रीमंत शिके, आता पैसेवाला शिकवतो आणि गरीब बाप कर्ज काढून मुलाला पाठवतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अठ्ठाविसाव्या कलमात शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली. केळुसकर या कलमात सापडले असते की नाही, असा एक वकिली विचार माझ्या मनात येऊन गेला. पैसे घेत नव्हते, तेव्हा बहुधा सुटले असते.

२०२० मध्ये साथीमुळे शाळाच बंद झाल्या, आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दिसू लागली. घरातल्याच वस्तू घेऊन घरातल्याच माणसांसंगे शिकावे, असा तिचा बेत होता. त्या महिन्यांत कित्येक आयांनी आणि आज्यांनी बऱ्याच वर्षांनी पुस्तक हातात घेतले. पडद्यावरची बाई समजावून सांगे. तिला उलटून विचारता येत नसे.

मुंबईत वरळीला, बी. डी. डी. चाळींजवळ, 'अभ्यास गल्ली' नावाचा एक रस्ता आहे. पालिकेच्या कागदोपत्री त्याचे नाव निराळे आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतल्या एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहत. तेव्हा पोरे रात्री वही-पुस्तक घेऊन रस्त्यावरच्या दिव्यांखाली येऊन बसू लागली. रहदारी कमी, झाडे पुष्कळ, दिवा फुकट. पिढ्या गेल्या, वकील झाले, डॉक्टर झाले, आणि त्यांची धाकटी भावंडे त्यांच्याच जागी येऊन बसली. दहावीचा मुलगा आणि कॉलेजातला मुलगा एकाच दिव्याखाली असतात. धाकट्याला गणित अडले की तो शेजारी सरकतो.